थोरल्या जावयाचं रुसणं

रामहरीला रुसता फार चांगलं यायचं. कुणाला ढोलकी येते, कुणाला दात बघून बैलाचं वय सांगता येतं, तसं ते अंगातच असावं लागतं. रुसायचं म्हणजे नुसतं तोंड फुगवून बसायचं नव्हे. हातातलं काम आधी शांतपणानं खाली ठेवायचं. मग पटक्याचा शेव झाडायचा. कुणाकडं न बघता उठायचं आणि जाताना चाल अशी सावकाश ठेवायची, की मनधरणीला मागनं येणाऱ्या माणसाला धावपळ न करता गाठता यावं. एवढं साधलं तर ते रुसणं. नाहीतर नुसती आदळआपट, ती कुणालाही येते.

सोलापुरात भवानी पेठेच्या पलीकडं कापसाची एक जिन होती. कापूस यंत्रात घालायचा, सरकी एका अंगाला, रुई एका अंगाला. तिथं रामहरी फिटर होता. दुधनीकडचा शेतकऱ्याचा पोर, पण यंत्र नुसतं कण्हलं तरी त्याला दुखणं कुठं आहे ते कळायचं. म्हणून त्याचं रुसणं चालायचं. कुणी न विचारता त्याच्या पान्याला हात लावला, साहेब चारचौघांत वाकडं बोलला, की गडी पाना ठेवून घरच्या वाटेला. मग मुकादम चनबसप्पा विडा घेऊन मागनं यायचा.

"बर्री रामहरी, बर्री, या की. तुमच्याबिगर पट्टा हलंना झालाय."

दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्या वेळेला विडा तोंडात टाकायचा आणि परत फिरायचं. जिनच्या मालकानं त्याचं रुसणं पगारातच धरलेलं होतं म्हणा की.

आणि सासुरवाडीत तर बघायलाच नको. सासरा अण्णाराव भवानी पेठेतच राहायचा. त्याच्या बैलगाड्या होत्या, जिनातनं मिलमध्ये रुईच्या गाठी वाहायच्या. पोरगा नाही, दोन पोरीच. थोरली मुक्ता रामहरीला दिली. धाकटी बजा हिच्यासाठी त्यानं आईबाप नसलेला एक पोरगा शोधला, भीमा त्याचं नाव, आणि त्याला घरजावई करून घेतला. म्हणजे नावाचा जावई आणि कामाचा गडी. थोरला जावई घरात आला की पाय धुवायला ऊन पाणी, बसायला घोंगडी, वर सुपारी. ते ऊन पाणी आणून द्यायचा कोण, तर भीमा.

"ए भीम्या, बैलास्नी पेंड घातली का? का जावई झालास म्हनून बैलांनी तुला घालायची?" सासरा असं येताजाता बोलायचा. गल्लीतली पोरंसुद्धा त्याला घरजावई म्हणून चिडवायची. भीमा हसायचा आणि पेंड घालायचा.

रामहरीला त्याची दया यायची. दया करायला बरं वाटतं, माणूस आपोआप चार बोटं उंच होतो. त्यानंच सासऱ्याच्या शब्दाखातर भीमाला जिनात तेल घालायच्या कामाला लावलं, हळूहळू पाना धरायला शिकवलं. हात म्हणजे लाकूड. एकच गोष्ट तीनतीनदा विचारायचा, आणि विचारताना लाजायचाही नाही.

अशात जिनच्या मालकानं आफ्रिकेत जिन काढली. तिकडं युगांडात कापूस मायंदाळ, यंत्रं विलायतेची, पण ती चालवून दुसऱ्यांना शिकवायला माणूस पाहिजे. मालकानं आधी एक टर्नर पाठवला, तो परत आला. मग एक शिकलेला ओव्हरसियर पाठवला, तो दारू शिकून परत आला. तिसऱ्यांदा मालकानं सगळ्यात चांगला हात निवडला. रामहरीचा.

जाताना काय थाट! अण्णारावानं कोट शिवला. स्टेशनवर पेठेतली निम्मी माणसं. भीमानं ट्रंक डोक्यावरनं आणली. मुक्तानं शेंगाचटणीची पिशवी आणि कडक भाकरीची चवड बांधून दिली. रामहरी डब्याच्या दारात उभा राहिला तो असा, की आफ्रिका त्याला न्यायलाच सोलापुरापर्यंत आली आहे.

आणि पाऊसपाण्याचं एक अर्धं वर्ष सरलं नाही तोच तो परत आला.

तिथं झालं काय, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. झालं होतं ते एवढंच. मोंबासापर्यंत आगबोट, तिथनं रेल्वे, पुढं समुद्रासारखं पसरलेलं एक तळं, त्याच्या काठाला जिन. मॅनेजर गुजराती. भारतातनं आलेली माणसं व्हरांड्यात एका पंगतीला जेवायची. पहिल्या दिवशी वरणात गूळ. रामहरीनं एक घास घेतला, ताट पुढं सरकवलं आणि हात आवरून बसला. आपल्याकडं असं ताट सरकवलं की घर हलतं. काय चुकलं, मीठ कमी पडलं का, दूध आणू का, सुरू होतं. तिथं वाढप्यानं ताट उचललं, पोट भरलं म्हणून समजला आणि ते वरण शेजारच्या पंजाबी टर्नरला वाढलं. टर्नरानं खाल्लंही.

रामहरीनं गिळलं. भाकऱ्या होत्या तोवर चटणीशी काढले दिवस. मग चटणी संपली. एके दिवशी जिनातल्या एका गड्यानं, तिथलाच माणूस तो, न विचारता त्याचा पाना उचलला. रामहरीनं हातातलं खाली ठेवलं. शेव झाडला. बाहेर पडला, आणि चाल सावकाश ठेवली. मागनं कुणी येईना. आणखी सावकाश केली. येईना. मग पायात काटा मोडल्यागत एका झाडाखाली उभाच राहिला आणि हळूच वळून बघितलं. माणसं आपापल्या कामाला लागलेली. त्या गड्यानं पाना वापरून जागेवर नेऊन ठेवलेला.

खोलीत जाऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. उद्या तरी कुणी येईल. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. क्विनीनच्या कडू गोळ्या दिल्या. पुढचे कैक दिवस तो पडून राहिला, गोळ्या वाढल्या, मनधरणी काही झाली नाही. शेवटी मॅनेजर खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. रामहरीला वाटलं, आला, आता दोनदा नको म्हणायचं. मॅनेजर म्हणाला, "भाई, तुमको घर याद आता है. हम समझता है," आणि परतीचं तिकीट दिलं. मोंबासाच्या धक्क्यावर आगबोटीत चढतानाही हा मागं बघत होता.

सोलापुरात उतरेपर्यंत त्यानं सिंह तयार केले. रात्री खिडकीला नाक घासणारे. डास तर चिमणीएवढे. पाणी पिवळं, ताप काळा. "आपल्या मानसाचं कामच न्हाय तितं," तो पारावर बसून सांगायचा. "माज्यासारका टिकला न्हाय, मग दुसरं कोन टिकतंय?" लोक माना हलवायचे. मालकाच्या हापिसात मात्र चनबसप्पा एकदा तंबाखू मळत म्हणाला, "मालक हात बगून मानूस पाठवत्यात. नाक बगून पाठवावं. किती उंच हाय ते."

पुढच्या खेपेला जायला कुणी तयार होईना. सिंह मधी आले ना! जिनच्या अंगणात साहेबानं सगळे फिटर उभे केले. तेवढ्यात मागच्या अंगानं तेलकट फडका हातात घेऊन भीमा पुढं आला.

"मी जातो की सायेब."

सगळी जिन हसली. रामहरी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.

"आरं, यंत्राचा रूळ कंच्या अंगाला फिरतो ते तर सांग आदी!"

"ते तितं गेल्यावर विचारीन की कुनाला तरी."

"आन् सिंव्ह?"

"मामांच्या घरात सा वर्सं काढली, पावनं," भीमा म्हणाला. "सिंव्ह काय करतोय?"

पुन्हा हशा. ह्या खेपेला रामहरी हसला नाही. पण मनात म्हणाला, दिवाळीला हितंच दिसतोय हा.

दिवाळी आली. भीमा आला नाही. संक्रांत आली. शिमगा आला. रामहरी बजाला येताजाता विचारायचा, "काय बजाबाई, येतूय न्हवं आपला भीमा? तब्बेतपानी?" आवाजात काळजी आणि पोटात आशा. बजा पदर सावरत म्हणायची, "बरं हाय म्हनं, दाजी. लई बरं हाय." मग त्याला जेवण गोड लागायचं नाही. मुक्तानं कितीही तिखट केलं तरी.

पुढच्या वर्षी तिकडनं येणाऱ्या एका माणसाबरोबर भीमानं सामान पाठवलं. बजाला भडक पिवळ्यातांबड्या नक्षीचं एक कापड, आणि सासऱ्याला काळ्या लाकडाची काठी. तसलं लाकूड कुणी बघितलं नव्हतं. तेल न लावता चमकायचं, आणि फरशीवर टेकवलं की दगडासारखं वाजायचं. अण्णारावाला काठीची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासनं गरज पडली. पेठेतनं टक, टक वाजवत जायचा आणि कुणी न विचारता थांबायचा.

"आमच्या भीमरावांनी धाडलीया. आफ्रिकेस्नं."

भीम्याचा भीमराव झाला. ते कानावर पडलं त्या रात्री रामहरीला ठसका लागला तो बराच वेळ थांबेना. मुक्तानं पाठ चोळली. "काय गिळलंसा?" तिनं विचारलं. काय गिळलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

बजा ते कापड धुऊन दारात दोरीवर वाळत घालायची. जिनाला जायची वाट त्याच दारावरनं. रामहरीनं वाट बदलली, पलीकडच्या गल्लीनं लांबचा फेरा मारून जाऊ लागला. पण त्या काठीला वाट नव्हती. ती कुठंही भेटायची. देवळापाशी टक, टक. तंबाखूच्या दुकानापाशी टक, टक. मान वळवायच्या आधी रामहरी दुसऱ्या बोळात शिरलेला असायचा.

कारण शोधून शोधून तो थकला. आधी म्हणाला, मॅनेजरचे पाय चेपत असणार. मग म्हणाला, तिकडं आता नवी यंत्रं आली असणार, आपोआप चालणारी, नाहीतर ह्या लाकडाच्या हाताला कोण विचारतो? पण हापिसातनं बातम्या यायच्या त्या उलट्याच. भीमानं तिथली माणसं शिकवून तयार केली. भीमाचा करार वाढवला. आता तिथला हेड भीमा. एक वेळ सिंहानं त्याला खाल्लं असतं तर रामहरी पोटभर रडला असता, मनापासनं. पण हे?

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना होता. त्या महिन्यात भीमा रजेवर आला. रामहरी स्टेशनवर गेला. ट्रंक घेतलेला बारीक, काळपट माणूस उतरला. अंगावर बरा कोट, पण चाल तीच, बैलामागनं चालणाऱ्याची. सोन्याचं बटण नाही, घड्याळ नाही. रामहरीला उलट राग आला. आमचं सगळं घेऊन हा परत तसाच्या तसा?

आल्या आल्या अण्णारावानं ऊन पाणी काढायला सांगितलं. कुणासाठी? भीमासाठी. आणि भीमानं ते घंगाळ उचलून रामहरीपुढं ठेवलं.

"पावनं, तुमी आदी."

रामहरीनं पाय धुतले. पाणी चटका देईल इतकं ऊन होतं, का त्यालाच तसं लागलं, कुणास ठाऊक.

दोन दिवसांनी चनबसप्पानं बातमी आणली. तिकडं दुसरी जिन उभी राहतेय. भीमाबरोबर एक पक्का फिटर जायचा आहे, आणि माणूस निवडायचं हापिसानं भीमावर सोपवलंय. जायच्या आधी त्यानं नाव सांगायचं.

ते ऐकलं आणि रामहरीच्या सगळ्या अंगाला ओढ लागली. ते तळं आठवलं, ते झाड आठवलं जिथं काटा मोडल्यासारखा उभा राहिला होता. एकदा, फक्त एकदा तिथं परत जाऊन दाखवायचं होतं. पण विचारायचं? आपण शिकवलेल्या पोराला, घरजावयाला, मला ने म्हणायचं? जीभ झडली तरी चालेल. त्यानं स्वतःहून यावं. दोनदा आपण नको म्हणू.

भीमा येईना. उलट जिनात आला तेव्हा वेगळंच घडलं. एक यंत्र सकाळपासनं किंचाळत होतं. साहेब म्हणाला, भीमराव, तुम्ही बघा, तुम्ही आता मोठे माणूस. भीमानं वाकून बघितलं, कान लावला, पट्टा सैल केला, घट्ट केला. मग सगळ्यांसमोर सरळ उभा राहिला.

"मला गावंना. पावनं, तुमीच बगा."

रामहरीनं जाऊन हात लावला. यंत्र गप्प झालं. सगळे वाहवा म्हणाले. पण त्याला वाहवा चढली नाही. त्याला हे कळेना, की एवढ्या लोकांत मला येत नाही म्हणताना ह्याच्या कानाची पाळी तरी लाल का होत नाही? जाता जाता त्यानं भीमाला कोपऱ्यात गाठला.

"खरं सांग, भीम्या. तितं तू केलंस तरी काय?"

"काय न्हाय. हितं ऱ्हायलो तसा तितं ऱ्हायलो." भीमानं तंबाखू पुढं केली. "ती मानसं मक्याच्या पिटाचा घट्ट गोळा करून खात्यात, आपल्या उकडीवानी. मी त्यांच्यात बसून खाल्ला. मला खाता येईना, समदी हसली. हसू दे की. हसत हसत बोली शिकवली मला. काम मी त्यास्नी शिकीवलं, मला येत न्हवतं ते त्यास्नीच विचारलं."

"आन् मॅनेजर?"

"वराडतो की. पर मामांएवडं न्हाय."

ह्यात काय गुपित होतं? काहीच नाही. म्हणून रामहरीची खात्री झाली की हा लपवतोय.

मग धोंड्याचं जेवण आलं. ह्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे घालायचे, नवं कापड द्यायचं, जावई म्हणजे त्या दिवसाचा विष्णूच. आजवर अण्णारावाच्या घरी पाट एकच मांडायचे, रामहरीचा. घरजावई घरातलाच, त्याला काय बोलवायचं? तो वाढायचा. ह्या वर्षी दोन पाट होते. आणि सासऱ्यानं भीमाला हाताला धरून उजवीकडच्या पाटावर बसवला. थोरल्याच्या पाटावर.

रामहरी डावीकडं बसला. समोर धोंडे, त्यावर तुपाची धार. बजानं भीमाला आधी ओवाळलं. काळी काठी खुंटीला टेकून उभी होती, तीही बघत असल्यासारखी. रामहरीचा घास उचललेला हात ताटावरच थांबला. त्यानं घास खाली ठेवला. शेव झाडला. उठला.

"काय झालं, पावनं?" अण्णाराव म्हणाला.

"काय न्हाय. पोट जड हाय."

आणि बाहेर पडला. चाल सावकाश ठेवली.

घरी येऊन तो अंधाऱ्या खोलीत उंबऱ्याजवळ बसला. आता सासरा येणार. मागे एकदा असाच उठला होता तेव्हा नवा पटका घेऊन आला होता. आता कदाचित भीमाही येईल. आला तर बरंच, एका दगडात दोन पक्षी. मनधरणीही आणि नाव सांगणंही. त्यानं बोलणंसुद्धा जुळवून ठेवलं. आणि ऐकू आली. टक, टक. गल्लीच्या तोंडाशी. टक, टक. जवळ. रामहरीनं भिंतीकडं तोंड वळवलं, पण पूर्ण नाही.

टक, टक. दारापाशी आली. आणि पुढं गेली. तंबाखूच्या दुकानाकडं.

त्याला पुन्हा ते झाड दिसलं. आफ्रिका सोलापुरात आली होती.

किती वेळ गेला कळलं नाही. मुक्ता आली. हातात डबा नाही, काही नाही.

"जेवलीस?"

"व्हय. दोन धोंडे जादा खाल्ले. तुमचं."

"मामा आलं न्हाईत."

"न्हाय यायचं. भीमानंच अडीवलं त्यास्नी."

रामहरी ताडकन वळला. "बग! बग, म्हनलं न्हवतं? पोटात काळं हाय त्येच्या!"

"ऐका तर." मुक्ता खाली बसली, चुलीपुढं, त्याच्याकडं न बघता. "उद्या त्येला हापिसात नाव सांगायचंय. मला इचारलं त्येनं. म्हनला, आक्का, पावन्यासारका हात सोलापुरात न्हाय. पर तितं रुसलं तर मी काय करू? आमच्या बास्नी म्हनला, आज कुनी जाऊ नगा. बगू या, आपनहून येत्यात का."

"म्हंजे माझी परीक्षा? ह्या घरजावयानं?"

"मी काय सांगितलं ठावं हाय? म्हनलं, येनार न्हाईत."

ते तिनं चुलीतली राख सारखी करत, सहज सांगितलं.

"मी तुमच्या गावात नांदाय आले," मुक्ता म्हणाली, "तवा पैल्याच दिवशी सासूबाईंनी ताटात शिळी भाकरी आपटली. तुमच्यातलं कानडी मला कळत न्हवतं, आन् समदी माज्याकडं बगून हसत हुती. मी रुसले आस्ते तर कोन आलं आस्तं वो? तुमी?"

"मी कशाला..."

"तेच. रुसन्याला समोर मानूस लागतंय, ज्येला ते कळतंय. भीम्याच्या नशिबात तसलं मानूस जलमात न्हवतं. हितं तुमी हैत का न्हाईत, कुनाचं अडतंय म्हनून आपटताय?" ती उठली आणि अंथरूण घालू लागली. "मला झोप आलीया."

रामहरी बसून राहिला. मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती शहाणपणाची नव्हती. येणार न्हाईत म्हणून सगळे तिथं बसले असतील. भीमा मान हलवत असेल. उद्या हापिसात दुसऱ्याचं नाव जाईल, परवा त्याच्या घरच्या दोरीवर तसलंच भडक कापड वाळेल, आणखी एक काठी पेठेत वाजेल. दोन काठ्या! त्या विचारानं तो उठला. वाट लांबची धरली नाही, जवळचीच धरली, बजाच्या दोरीखालनं.

सासऱ्याच्या घरी पंगत उठून गेली होती. बजा भांडी घासत होती, आणि भीमा, आफ्रिकेतल्या जिनचा हेड, तिला आडावरनं पाणी काढून देत होता. अण्णाराव बाजेवर. रामहरी दारात उभा राहिला. बोलावलं नसताना ह्या दारात तो कधी आला नव्हता. त्यालाच बोलावं लागलं.

"बजाबाई, हाय का काय शिल्लक?"

बजानं राखेच्या हातानं पदर सावरला. "धोंडे संपलं, दाजी. आक्कानं खाल्लं. भात हाय, गार झालाय. आमटी हाय तळाची."

"वाड."

पाट नव्हता. तो जमिनीवर बसला. आमटी खारट झाली होती. खाल्ली. भीमा दोर गुंडाळून समोर येऊन उकिडवा बसला.

"पावनं, तितं वरचा मी हाय. कामावर चारचौगांत सांगीन, बोलीन. लागंल तुमास्नी."

"लागंल की," रामहरी घास गिळून म्हणाला. "लई लागंल."

"मग?"

"मग काय? लागंल, पर जेवीन."

अण्णाराव बाजेवरनं खोकला. भीमा हसला नाही. "बजे, पावन्यास्नी भात वाड," एवढंच म्हणाला.

तर रामहरी गेला. ह्या खेपेला स्टेशनवर गर्दी नव्हती, कोट जुनाच होता. तिथं त्याला वरणातला गूळ लागला, मक्याचा गोळा घशात अडकला, माणसं हसली. त्याचा पाना उचलला गेला, एकदा नाही, शंभरदा. भीमानं चारचौघांत सुनावलं. दर वेळी त्याचा हात शेवाकडं जायचा, आणि दर वेळी तो भीमाकडं बघायचा. हा माझ्या आधी कंटाळून परत जातो का, एवढंच बघायचं होतं. त्याच्या आधी मी गेलो तर पेठेत तोंड काय दाखवू? तिथली बोली तो शिकला, कारण भीमाला त्याच्यापेक्षा जास्त यायची. माणसं तयार केली, कारण भीमाची जास्त तयार झाली होती. असूया पोटात ठेवून माणूस किती वर्षं काढू शकतो म्हणता? रामहरीनं चांगली पाच वर्षं काढली, आणि कामात खोट काढायला मॅनेजरला जागा ठेवली नाही. एकदा त्यालाच मॅनेजर म्हणाला, "तुम बहुत सुधर गया." रामहरी मनात म्हणाला, सुधारतोय कोण?

मग बजा आजारी पडली म्हणून भीमा कायमचा परत निघाला. रामहरीलाही सुट्टी मिळत होती, त्याच आगबोटीची. त्यानं घेतली नाही. धक्क्यावर जाऊन भीमाला पोचवलं, आगबोट नजरेआड होईपर्यंत उभा राहिला, आणि मग पुढच्या आगबोटीचं तिकीट काढलं. एकच आगबोट उशिरा. पण उशिरा.

येताना सासऱ्याला त्यानं काळ्या लाकडाची काठी आणली. भीमानं धाडली होती तिच्यापेक्षा हातभर लांब. अण्णाराव आता खरोखर म्हातारा झाला होता, पाठीत वाकला होता. त्यानं ती काठी हातात घेतली, उभी धरली, ती त्याच्या कपाळाच्या वर गेली. "लई झ्याक हाय, रामहरीराव," तो म्हणाला आणि गल्लीतल्या सुताराला बोलावून ती कापून घेतली. भीमाच्या काठीला बरोबर लावून, दोन्ही हातांत धरायला. अगदी सारखी.

तो कापलेला तुकडा रामहरीसमोर जमिनीवर पडला. रामहरीनं हातातली चहाची बशी शांतपणानं खाली ठेवली. पटक्याचा शेव झाडला. कुणाकडं न बघता उठला, आणि चाल अगदी सावकाश ठेवून घराकडं निघाला. आफ्रिकेत पाच वर्षं साठवलेलं होतं सगळं. आता सोलापुरात होता की तो.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला असेल नसेल, तोच मागनं आवाज आला. टक, टक. आणि त्याच्या जोडीला, जरा घाईघाईनं, दुसरी. टक, टक.

"पावनं! अवं पावनं, थांबा की!"

रामहरीनं मागं बघितलं नाही. दोनदा नको म्हणायचं ठरवून तो आणखी सावकाश चालू लागला.